घोड्याचे साडेतीनशे, सराफाचं शून्य

राज्यघटनेचं कलम ३०० उघडा. सरकारी नोकराच्या हलगर्जीपणामुळे तुमचं नुकसान झालं, तर सरकारकडून ते भरून घेता येतं का, एवढंच तुम्हाला पाहायचं आहे. कलम धड हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. संसद किंवा विधानसभा वेगळा कायदा करेपर्यंत, घटना येण्यापूर्वी सरकारवर जसा दावा लावता येत होता तसाच लावा, असं ते सांगतं. म्हणून तुम्ही १९३५ च्या कायद्यातलं कलम १७६ काढता. ते तुम्हाला १९१५ च्या कायद्याच्या कलम ३२ कडे पाठवतं. ते पाठवतं १८५८ च्या कायद्याच्या कलम ६५ कडे. तिथे एकदाचा मुक्काम येतो: ईस्ट इंडिया कंपनीवर जो दावा चालला असता, तो सरकारवर चालेल.

म्हणजे प्रजासत्ताकातल्या नागरिकाला सरकारकडून काय मिळेल, हे ठरवण्यासाठी कंपनीच्या काळात डोकावून यावं लागतं. ही माझी कल्पना नाही, कायद्याची अट आहे. तेव्हा चला.

तुमच्या तळहातात लोखंडाची कड रुतते आहे. आठ-नऊ फूट लांबीचं जड धूड आहे, सरकारी आगबोटीच्या धुराड्याभोवती बसवायचं. तुम्ही कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीतले मजूर आहात, आणि चार जणांबरोबर हे ओझं एका बाजूकडून दुसरीकडे नेताय. मधून रस्ता जातो. गोदी सरकारची असली तरी गार्डन रीचकडून कलकत्त्याला जाणारी वाहतूक याच रस्त्याने चालते. तुम्ही रस्त्याच्या मधोमध आहात. पाठीवरून घाम ओघळतोय, पण पुसायला हात मोकळा नाही.

मागून आरोळी येते. दोन घोड्यांची गाडी आहे, पी अँड ओ कंपनीची. विलायतेची डाक आणि विलायतेचे साहेब दोन्ही आगबोटीने आणणारी ती मातब्बर कंपनी. गाडीवानाने वेग कमी केलाय, तो ओरडून बाजूला व्हायला सांगतोय. पुढचे गडी एका बाजूला वळतात. मागचे नेमके दुसऱ्या. तुम्ही मध्ये आहात, लोखंड दोन्हीकडून ओढलं जातंय, आणि घोड्यांचे श्वास आता मानेजवळ ऐकू येतायत. कोणीतरी हात सोडतो. मग सगळेच सोडतात. लोखंड रस्त्यावर आदळतं तो आवाज कानात घुमत असतानाच तुम्ही पळालेले असता. एक घोडा बुजून उसळतो, पुढे झेपावतो आणि त्याच लोखंडावर कोसळतो. गुडघे फुटतात.

तुम्हाला वाटतं, आता आपली धडगत नाही. पण तुमच्याकडे कोणी येत नाही. तुमच्या मजुरीतून घोड्याच्या दवापाण्याचा खर्च निघायचा नाही, हे पी अँड ओला चांगलं कळतं. कंपनीचे वकील तुमच्या मालकाला गाठतात, आणि तुमचा मालक आहे सरकार. मागणी साडेतीनशे रुपयांची.

कायद्याच्या मराठी पुस्तकात याला अपकृत्य म्हणतात. गुन्हा नव्हे, करारभंगही नव्हे. एकाच्या बेफिकिरीने दुसऱ्याचं झालेलं नुकसान. त्याचा एक जुना नियम असा की चाकराने चाकरी करताना केलेली चूक मालकाच्या माथी बसते. काम मालकाच्या फायद्याचं, माणसं त्याने नेमलेली, आणि भरपाई देण्याची ऐपतही त्याचीच. पेढीवाल्याला, गिरणीवाल्याला, टांगेवाल्याला हा नियम लागू होताच. सरकारला होतो का, एवढाच प्रश्न होता.

लघुवाद न्यायालयाच्या न्यायाधीशाला निष्काळजीपणा पटला, पण कायद्याच्या मुद्द्यावर तो अडला आणि प्रश्न कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाकडे गेला. साल १८६१. कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलंय. आता अंगावरची मजुराची बंडी काढा आणि कोर्टाच्या कोपऱ्यात उभे राहा. समोर सरन्यायाधीश सर बार्न्स पीकॉक बसलेत. पुढल्या वर्षी याच शहरात उच्च न्यायालय सुरू होईल, तेव्हा त्याचेही पहिले सरन्यायाधीश हेच असतील. सरकारी बाजूच्या मागे इंग्लंडचं जुनं तत्त्व उभं आहे: राजाच्या हातून चूक होऊच शकत नाही, तेव्हा त्याच्यावर दावा कसला? पीकॉक यांच्या मते ते इथे लागू होत नाही. कंपनी राजा नव्हती. राजाने काही अधिकार तिच्या हाती दिले होते, पण म्हणून व्यापार करणाऱ्या मंडळीच्या डोक्यावर मुकुट येत नाही. गोदी चालवणं, आगबोटी दुरुस्त करणं ही कामं कोणीही खासगी माणूस करू शकतो. तीच कामं सरकार करत असेल तर सरकारही खासगी मालकासारखंच जबाबदार.

घोड्याच्या मालकाची सरशी झाली. इथे थांबलं असतं तर बरं होतं. पण निकालात आणखी एक भेद मांडलेला होता: सार्वभौम सत्ता वापरून केलेली कृत्यं वेगळी आणि खासगी माणूसही करू शकेल असे उद्योग वेगळे, पहिल्यासाठी दावा चालणार नाही. गोदीतल्या लोखंडासाठी त्या पहिल्या अर्ध्या भागाची गरज नव्हती. घोड्याच्या खटल्यात लढाई, तह, जप्ती यांतलं काहीच घडलेलं नव्हतं. तरी ते वाक्य अहवालात छापलं गेलं, आणि न्यायाच्या दुनियेत छापलेलं वाक्य कधी कोणाच्या उपयोगी पडेल याचा नेम नसतो.

आता फ्रंटियर मेलमधून उतरा. स्टेशन मेरठचं आहे, तारीख २० सप्टेंबर १९४७, वेळ मध्यरात्रीची. तुम्ही अमृतसरचे सराफ आहात. सोनं आणि चांदी विकायला आला आहात: सोनं १०३ तोळे, ६ मासे, १ रत्ती, चांदी दोन मण साडेसहा शेर. आजच्या मापात सोनं एक किलो दोनशे ग्रॅमच्या आसपास, चांदी ऐंशी किलो. फाळणीला महिना उलटलाय. गाड्या माणसांनी ओसंडून वाहतायत, आणि एवढा माल घेऊन रात्री पंजाबातून आलेल्या माणसाकडे लोक दोनदा वळून बघतात.

चौपला बाजारात तीन शिपाई तुम्हाला हटकतात. झडती होते. गाठोडी सुटतात, माल बाहेर येतो आणि तुम्हाला कोतवालीत नेलं जातं. चोरीचा माल असावा हा संशय. तुम्ही कोण, कुठले, माल कुणाचा हे सांगत राहता. कोठडीचं दार लागतं. रात्र तिथेच जाते. दुसऱ्या दिवशी, २१ तारखेला, जामीन होतो.

पुढे चांदी परत मिळते. सोनं मालखान्यात आहे. मालखाना म्हणजे पोलिस ठाण्यातली मुद्देमालाची खोली, तिची किल्ली एका हेड कॉन्स्टेबलकडे. तुम्ही सोनं मागता, अर्ज करता, पुन्हा मागता. १७ ऑक्टोबरला तो हेड कॉन्स्टेबल पाकिस्तानात निघून जातो. तुमचं सोनं त्याच्याबरोबर सीमेपलीकडे जातं.

ज्या उन्हाळ्यात हे सगळं शिजत होतं, त्याच उन्हाळ्यात लंडनमध्ये काय झालं ते पाहायला क्षणभर तिकडे जाऊन या. ३१ जुलै १९४७ ला ब्रिटिश पार्लमेंटच्या क्राउन प्रोसीडिंग्ज कायद्यावर राजाची मोहोर उठली. आपल्या नोकरांच्या अपकृत्यांसाठी राजसत्तेवरही सर्वसाधारण मालकासारखा दावा लावता येईल, असं राजानेच मान्य केलं. १ जानेवारी १९४८ पासून अंमल. चूक न करणारा राजा आपल्या घरी चूक करायला मोकळा झाला. त्याच्याकडून पंधरा दिवसांनी सुटलेल्या देशात मात्र त्याची जुनी ढाल भिंतीवर तशीच टांगलेली राहिली.

तुम्ही दावा लावता. सोनं परत द्या, नाहीतर किंमत द्या. मागणी ११,०७५ रुपये १० आणे आणि वर ३५५ रुपये व्याज. खालचं कोर्ट तुमच्या बाजूने ११,४३० रुपये १० आण्यांचा हुकूमनामा देतं. उत्तर प्रदेश सरकार अपिलात जातं आणि अलाहाबाद उच्च न्यायालय तो उलटवतं. सोनं गेलं तेव्हा जे पोर शाळेत जायला लागलं, ते एव्हाना कॉलेजात पोचलंय. तुम्ही दिल्लीची वाट धरता.

वाटेत एक बातमी तुमचा जीव जरा भांड्यात पाडते. उदयपूरच्या कलेक्टरची जीप १९५२ च्या फेब्रुवारीत दुरुस्तीहून परत आणताना सरकारी ड्रायव्हरने फूटपाथवरच्या माणसाला उडवलं होतं. तो दवाखान्यात वारला. त्याची विधवा आणि तीन वर्षांची मुलगी यांनी राजस्थान सरकारवर दावा लावला, आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंधरा हजारांची भरपाई कायम केली. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांचं म्हणणं साधं होतं: लोककल्याणाचे उद्योग करणाऱ्या, असंख्य नोकर बाळगणाऱ्या समाजवादी वळणाच्या राज्याला सरंजामी काळातलं संरक्षण का द्यायचं? जीपखाली माणूस गेला तर सरकार भरपाई देतं, मग सोनं गेल्यावर का देणार नाही, असं तुमचा वकील म्हणतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

२९ सप्टेंबर १९६४. सर्वोच्च न्यायालय. पाच न्यायमूर्तींचं पीठ, मधोमध सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. साताऱ्यात जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले, संस्कृत पंडितांच्या घरातले. कामगारांच्या खटल्यांत माणूस बघून कायदा वाचणारा न्यायमूर्ती ही त्यांची ख्याती. सराफाच्या बाकावरून उठून मागे या, मराठी श्रोता म्हणून बसा. आपला माणूस आहे, काहीतरी चांगलं करील, अशी आशा तुमच्या मनात येतेच.

वाचन सुरू होतं आणि पहिला भाग तुमच्या मनासारखा जातो. पोलिसांनी निष्काळजीपणा केला, हे कोर्ट मान्य करतं. मौल्यवान मुद्देमाल कसा जपायचा याची पोलिसांची स्वतःची नियमावली होती आणि ती पाळली गेली नाही. सोनं तुमचं होतं, तुम्ही काही गैर केलं नव्हतं, किंमतही ठरलेली आहे. सराफाच्या हातात आता फक्त चेक यायचा बाकी आहे.

आणि मग खिदिरपूरचा घोडा कोर्टात येतो.

कलम ३०० वरून मागे जाता जाता गजेंद्रगडकर पीकॉक यांच्या निकालापाशी थांबतात. ते मजूर, ते लोखंड, ते साडेतीनशे रुपये सगळं पुन्हा वाचलं जातं. मग त्या भेदाला, ज्याची घोड्याला गरज नव्हती, पूर्ण वजन मिळतं. नोकर जे काम करत होता ते सार्वभौम सत्तेचं होतं का, एवढाच प्रश्न उरतो. जीप चालवणं हे तसलं काम नव्हे, म्हणून उदयपूरच्या विधवेला भरपाई बरोबर होती. माणसाला अटक करणं, झडती घेणं, माल जप्त करून ठेवणं हे अधिकार कायद्याने पोलिसांना दिलेत आणि ते सार्वभौम सत्तेचेच. तेव्हा ते वापरताना चूक झाली तरी राज्य जबाबदार नाही. अपील फेटाळलं.

मागच्या बाकावर तुम्हाला विचित्र वाटतं, आणि माझ्या मते वाटायलाच हवं. ज्या निकालाने घोड्याच्या मालकाला जिंकून दिलं, त्याच निकालाने सराफाचं सोनं बुडालं. जप्त करणं सार्वभौम काम असेल, मान्य. पण जप्त केलेल्या सोन्याच्या खोलीला नीट कुलूप लावणं हे सार्वभौम काम कसं? दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेऊन सांभाळणं हा तर गहाण ठेवून घेणाऱ्या कोणत्याही पेढीचा रोजचा धंदा. खासगी माणूस करतो ते काम, अशी पीकॉक यांची कसोटी होती. तीच मालखान्याच्या दाराला लावून बघायला काय हरकत होती? हा रस्ता मोकळा होता, हे पुढे सर्वोच्च न्यायालयानेच दाखवलं. तीनच वर्षांनी, १९६७ मध्ये, जुनागढच्या कस्टम्सने जप्त केलेल्या आणि नंतर विकून टाकलेल्या गाड्यांचा खटला आला. जप्त माल सांभाळताना सरकारची जागा ठेव जपणाऱ्याची असते आणि त्याला माल जपावाच लागतो, असं तिथे न्यायालय म्हणालं.

गजेंद्रगडकरांना आपल्या निकालाचा डंख लागत नव्हता असं मात्र नाही. शेवटच्या परिच्छेदांत त्यांचा सूर बदलतो. कायद्याने ज्याचा माल ताब्यात घेतला, त्यालाच तो हरवल्यावर राज्याकडे काही मागता येत नाही, ही स्थिती समाधानकारक नाही, असं ते स्पष्ट म्हणतात. इंग्लंडने १९४७ मध्येच कायदा बदलला याची आठवण देतात. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने १९५६ मध्येच या विषयावर अहवाल देऊन कायदा करा म्हटलं होतं, तोही दाखवतात. संसदेने हे दुरुस्त करावं. निकाल देताना हात बांधलेले आणि बोलताना जीभ मोकळी, असा प्रकार. माझ्या मते हात तितके घट्ट बांधलेले नव्हते.

संसदेकडे जाऊन या, वेळ लागणार नाही. १९६७ मध्ये सरकारच्या अपकृत्य-जबाबदारीचं विधेयक मांडलं गेलं. कायदा झाला नाही.

पुढचं दार एका पुणेकराने उघडलं. १९८३ साली सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्यासमोर बिहारच्या मुझफ्फरपूर तुरुंगातल्या एका माणसाचा अर्ज आला. ३ जून १९६८ ला तो निर्दोष सुटला होता. तुरुंगातून बाहेर आला १६ ऑक्टोबर १९८२ ला. मधल्या चौदा वर्षांचं उत्तर राज्याकडे धड नव्हतं. जुन्या वाटेने गेलं असतं तर तुरुंग चालवणं हे सार्वभौम काम, दावा खल्लास. चंद्रचूडांनी ती वाटच धरली नाही. घटनेने दिलेला जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क राज्याने मोडला, तर तो बजावून घेण्यासाठी आलेल्या माणसाला नुसती सुटकेची चिठ्ठी देऊन परत पाठवणं म्हणजे हक्काला तोंडदेखला मान देणं, असा त्यांचा विचार. आधी मिळालेल्या पाच हजारांवर आणखी तीस हजार त्यांनी अंतरिम म्हणून दिले आणि वेगळा दावा लावायची मोकळीकही ठेवली. चौदा वर्षांचे पस्तीस हजार ही रक्कम लाजिरवाणीच आहे. तरी कलम ३०० चा जुना जिना न चढता सरकारच्या तिजोरीपर्यंत पोचता येतं, हे त्या दिवशी कळलं.

पण मेरठच्या सराफाला या दाराने आत घेतलं असतं का? अवघड आहे. हे दार जीव आणि स्वातंत्र्य गमावलेल्यांसाठी उघडलं. सोनं ही मालमत्ता, आणि मालमत्तेचा हक्क १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून काढलेला. कोठडीतल्या एका रात्रीची भरपाई कदाचित मागता आली असती, सोन्याची नाही.

त्याच्या जवळचा खटला आला १९९४ मध्ये. आंध्रातल्या खत आणि धान्याच्या एका व्यापाऱ्याचा साठा अत्यावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली जप्त झाला होता. तो परत देण्याचा हुकूम झाला तेव्हा माल सडून गेलेला. जप्ती, सरकारी अधिकारी, सांभाळण्यातली कुचराई, सगळं तेच. न्यायमूर्ती आर. एम. सहाय यांनी सार्वभौम आणि असार्वभौम हा भेद आजच्या राज्याला शोभत नाही असं म्हणत व्यापाऱ्याला भरपाई दिली. सन २००० मध्ये न्यायालय आणखी पुढे गेलं: १९६४ च्या निकालाचा बंधनकारक जोर बराच झिजला आहे. झिजला म्हणाले, रद्द नाही म्हणाले. पाच न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल छोट्या पीठाला रद्द करता येत नाही. म्हणून तो आजही अहवालात उभा आहे, आणि तुम्ही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस देऊन सरकारवर दावा लावलात, तर समोरच्या कैफियतीत सार्वभौम कार्याचा मुद्दा घेतलेला दिसला तर नवल वाटू देऊ नका.

शेवटची उडी १ ऑक्टोबर २००२ ची, पुन्हा सर्वोच्च न्यायालयात. गुजरातच्या काही पोलिसांवर आरोप आहे की त्यांनी वर्षानुवर्षं मुद्देमालात हात घातला, खऱ्या वस्तू काढून त्या जागी बनावट ठेवल्या. सरकार जबाबदार की नाही, हा वाद न्यायमूर्ती इथे उकरत नाहीत. ते थेट मालखान्याला हात घालतात. दागिने आणि मौल्यवान वस्तूंचा तपशीलवार पंचनामा करा, फोटो काढा, जातमुचलका घ्या आणि वस्तू मालकाला देऊन टाका. पोलिस ठाण्यात फार दिवस ठेवू नका. पंधरा दिवस, फार तर महिना.

२१ सप्टेंबरला जामिनावर सुटलेल्या सराफाच्या हिशेबाने तो महिना २१ ऑक्टोबरला भरला असता. हेड कॉन्स्टेबल गेला १७ तारखेला.